आजीच्या ओव्या आणि आमचा सर्व्हर

'घरी मीडिया सर्व्हर टाकलाय' असं होस्टेलवर सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पिक्चर कुठले कुठले आहेत?" माझ्या सर्व्हरवर पिक्चर एकही नाही. आई-बाबांच्या लग्नाची सीडी आहे आणि आजीच्या ओव्यांची एक कॅसेट. बस्स!

आमचं गाव अकोले तालुक्यात. आजी गेली, पण तिचं जातं अजून पडवीत आहे. कॅसेट सापडली दसऱ्याच्या साफसफाईत. शेजारच्या काकांचा टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून ऑडॅसिटीत एक बाजू उतरवली. दुसऱ्या बाजूला टेप अडकली आणि तुटली. उरला तो आवाज फक्त एका फाईलमध्ये. त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला सांगू.

मग जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकलं आणि त्यावर जेलीफिन. फाईली आपल्या हार्ड डिस्कवर, आणि घरच्या वायफायवरून टीव्हीवर, मोबाईलवर लावायच्या. नेट बंद असलं तरी चालतं. (लग्नाची सीडी मात्र मी चुकून 'मूव्हीज'मध्ये टाकली. सॉफ्टवेअरने नेटवर शोधून बाबांच्या लग्नाला भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवलं! घरच्या व्हिडिओंचा विभाग वेगळा असतो, हे नंतर कळलं.)

आता तुम्ही म्हणाल, यूट्यूबवर टाक की, फुकट आहे. जगाला ऐकवायचं तर जरूर टाकावं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आज 'परी'मुळे कुणालाही वाचता-ऐकता येतात. पण घरची एकुलती एक प्रत दुसऱ्याच्या कपाटात ठेवून किल्लीही त्यालाच द्यायची, हे मला पटत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झालीच ना? नियम त्यांचे, त्यांनी बदलले.

जेलीफिनचा जन्मच अशा भांडणातून झाला. एम्बी नावाचं सॉफ्टवेअर आधी ओपन सोर्स होतं, २०१८ मध्ये त्याचा कोड बंद झाला. पण जुना कोड जीपीएल लायसन्सखाली होता, तो परत घेता येईना. डिसेंबर २०१८ मध्ये काही जणांनी तोच कोड उचलून जेलीफिन सुरू केलं. आपण लायसन्सचा चॅप्टर परीक्षेच्या आदल्या रात्री 'ऑप्शनला' टाकतो, त्याची किंमत ही! आणि आठवण म्हणून सांगतो, व्हीएलसी प्लेअर ज्यातून आला तो व्हिडिओलॅन प्रकल्प १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनीच सुरू केला, कॅम्पसच्या नेटवर्कवर व्हिडिओ पाहता यावा म्हणून. आपण लॅबमध्ये काय करतो, ते लिहायला नको.

कटकटी आहेतच. लाईट गेली की सर्व्हर गेला. जुना प्रोसेसर व्हिडिओचा फॉरमॅट बदलताना धापा टाकतो. बाहेरून ऐकायची सोय मी अजून केलेली नाही. दार उघडायचं तर आधी कुलूप लावता यायला हवं, ते शिकतोय.

दिवाळीत आत्या आली. टीव्हीवर ओव्या लावल्या तर हातातली करंजी तशीच राहिली. "बाळा, आईच आहे रे ही," म्हणाली आणि तिसऱ्या ओवीला स्वतःच म्हणू लागली. जाताना मी तिला एका पेनड्राईव्हवर कॉपी दिली. एकच हार्ड डिस्क म्हणजे पुन्हा ती कॅसेटच. आत्याने पेनड्राईव्ह देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय, कुंकवाच्या डबीशेजारी.