किमान वेतन वाढले म्हणजे काम जाते काय?

किमान वेतनाचे दर वाढविण्याची गोष्ट निघाली की अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात व आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत एक ठराविक वाक्य कानी पडते: 'दर वाढवा, पण मग माणसे कमी करावी लागतील.' असे बोलणारे सर्वच निष्ठुर आहेत असे आम्ही मानीत नाही. दहा-वीस माणसांवर कारखाना चालविणाऱ्या गृहस्थास महिनाअखेर पगाराची तोंडमिळवणी करताना काय यातायात पडते, हे आम्ही जाणतो. तथापि एखादे वाक्य शंभर वेळा उच्चारले म्हणून ते सिद्ध होत नाही. पुराव्याचा भार ते उच्चारणाऱ्यावर असतो. तेव्हा दोन्ही पक्षांचा पुरावा आज तपासून पाहू.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि त्याला लपविण्याची आमची इच्छा नाही. 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. जो मागेल त्याला काम द्यावयाचे, असे त्याचे वचन होते. या वचनासाठी पैसा उभा करावयाचा म्हणून 1975 पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. आमचे व्यापारी वाचक तो कर भरीत आले आहेत. 1988 साली या कामावरील मजुरीचे दर किमान वेतनाच्या पातळीवर आणले गेले व ते जवळजवळ दुप्पट झाले. पुढे काय झाले? मार्टिन रॅव्हेलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, दरवाढीनंतर योजनेवरील रोजगार वाढण्याऐवजी आखडला. मागेल त्याला काम हे वचन कागदावर राहिले आणि प्रत्यक्षात काम वाटून, मोजून मिळू लागले.

प्रतिपक्षाचा जय झाला असे कोणी यावरून म्हणेल. पण जरा थांबावे. येथे काम कशाने गेले? मजुराची मागणी वाढली, दर वाढला, परंतु सरकारने थैलीचे तोंड त्या मानाने सैल केले नाही. पैसा जवळपास तेवढाच आणि मजुरी दुप्पट, तर कामे कमी निघणार, हे त्रैराशिक शाळकरी मुलासही सुटेल. दोष दरवाढीचा जितका, तितकाच किंबहुना अधिक, दर वाढवून तरतूद न वाढविणाऱ्या कारभाराचा होता.

खाजगी धंद्याची गोष्ट निराळी. तेथे थैली बांधलेली नसते. वाढलेल्या मजुरीचा काही भाग मालाच्या किमतीत जातो, काही नफ्यातून येतो, आणि वरचेवर काम सोडून जाणारी माणसे टिकल्यामुळे काही भरून निघतो. अमेरिकेतील न्यू जर्सी प्रांताने एप्रिल 1992 मध्ये किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेले. शेजारच्या पेनसिल्व्हानियाने नेले नाही. डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडील चारशेहून अधिक खाद्यगृहांची चौकशी केली. दरवाढीमुळे न्यू जर्सीत रोजगार घटल्याचे त्यांस आढळले नाही. त्यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाला, तो अद्याप पुरता मिटलेला नाही. पण दरवाढ म्हणजे बेकारी हे समीकरण ब्रह्मवाक्य नव्हे, इतके त्यावरून निश्चित झाले. कार्ड यांना 2021 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

याचे कारण आपल्या वसाहतीच्या फाटकापाशी उभे राहिले तरी समजेल. मजुराला दुसरीकडे जाण्याची सोय नसली आणि ठेकेदारांनी आपसांत एकच दर ठरविला, तर तो दर बाजाराने ठरविला असे म्हणता येत नाही. तो मक्त्याने ठरविला. अशा ठिकाणी कायद्याने दर बेताने वर नेल्यास माणसे कमी होण्याचे कारण नाही, ठेकेदाराचे आडमाप तेवढे कमी होते. मात्र हा न्याय वाटेल त्या आकड्याला लागू पडत नाही. एका रात्रीत दर दुपटीवर नेला तर लहान कारखाना मोडेल, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

'मजूरच कमी दराने राजी आहे, मग तुमचे काय जाते?' असाही एक प्रश्न विचारण्यात येतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1954 सालीच अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात दिले आहे. तेथेही गिरणीने परवडत नाही म्हटले, आणि कामगार कमी वेतनावर राजी असल्याचे सांगितले. न्यायालयाने 1948 चा किमान वेतन कायदा उचलून धरला. भुकेल्याची संमती ही संमती नव्हे. ज्या राष्ट्राने आपल्या घटनेच्या 43 व्या कलमात निर्वाहापुरत्या वेतनाचे ध्येय लिहून ठेविले, त्याचे उद्योग स्वबांधवांच्या अर्धपोटी राहण्यावर उभारले जावेत, हे स्वराज्याला शोभत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट, दर वेळेवर वाढवावेत. 1948 च्या कायद्याने पाच वर्षांच्या आत फेरविचार सांगितला होता. तो टाळून दर गोठवावयाचे आणि मग एकदम उडी मारावयाची, ही रीत मालक व मजूर या दोघांनाही घातक आहे. दुसरी, 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क सर्व धंद्यांतील कामगारांपर्यंत नेला आहे. त्याची अंमलबजावणी सर्वत्र सारखी व्हावी. कायदा पाळणाऱ्या कारखानदाराचे खरे नुकसान कायदा करीत नाही. कायदा मोडून माल स्वस्तात विकणारा त्याचा शेजारी करतो. तिसरी, सरकार व नगरपरिषदा यांनी आपल्या ठेक्यांवरील दर वाढविताना त्याच दिवशी तरतूदही वाढवावी. नाहीतर 1988 ची गोष्ट झाडू हाती घेणाऱ्यांच्या वाट्याला पुन्हा येईल.

शेवटी आमच्या व्यापारी मित्रांस एक विनंती. कामगाराचे वेतन पुरते की नाही, याचा दाखला सरकारी अहवालात शोधण्याचे कारण नाही; तो तुमच्या उधारीच्या वहीत आहे. महिन्याच्या विसाव्या तारखेपासून ज्यांची नावे तीत चढू लागतात, त्यांचा पगार वाढला तर तो प्रथम तुमच्याच गल्ल्यात येणार आहे. दरवाढीस विरोध करण्यापूर्वी ती वही एकदा उघडून पाहावी.