कारागिरावाचून शस्त्र

मराठी दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिकांची आपल्याकडे होणारी चिकित्सा बहुधा शस्त्रागाराच्या झडतीपाशी येऊन थांबते. तलवारीची मूठ त्या काळातली आहे काय, बंदुकीचा चाप पुढच्या शतकातला तर नाही, एवढे तपासले की समीक्षेचे काम संपले असे एक पक्ष मानतो. 'ही शेवटी करमणूक आहे' असे म्हणून दुसरा पक्ष हे प्रश्नच निकालात काढतो. परस्परांशी भांडणाऱ्या या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र पूर्ण मतैक्य आहे. शस्त्र ही नेपथ्याची बाब असून कथनाच्या अर्थाशी तिचा संबंध नाही, असे दोघेही गृहीत धरतात. आमचा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

रोलाँ बार्थने १९६८ मधील एका निबंधात फ्लोबेरच्या कथेतील वायुभारमापकाचा दाखला घेऊन असे दाखवले, की कथानकात काहीच काम नसलेली वस्तू 'हे वास्तव आहे' एवढीच ग्वाही देण्यासाठी संहितेत उभी असते. आपल्या मालिकांतील बंदूक आणि तोफ या जातीच्या वस्तू आहेत. तलवारीची गोष्ट उलटी आहे. तिच्यावर अर्थाचा इतका भार टाकला जातो, की ती हत्यार उरतच नाही. 'राजा शिवछत्रपती' (२००८) पासून 'स्वराज्यरक्षक संभाजी' (२०१७–२०२०) पर्यंत जी दृश्यभाषा रुळली, तिच्यात पाते म्हणजे नायकाच्या पुण्याईचे मूर्त रूप होय. एकीकडे कामावाचून वस्तू, दुसरीकडे वस्तूवाचून अर्थ. या दोहोंच्या मध्ये शस्त्र घडवणारा, विकणारा, वाहणारा आणि राखणारा माणूस नाहीसा होतो.

१६६० चा पन्हाळ्याचा वेढा घ्यावा. या प्रसंगातील तोफ आपल्या सांस्कृतिक स्मृतीत ऐकू येते, दिसत नाही. विशाळगडावरून तिचे आवाज होतात आणि घोडखिंडीत बाजीप्रभू प्राण सोडतात. परंतु त्याच वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपला दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीस आले होते, आणि त्याचा जाब म्हणून १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घालून त्या इंग्रजांना कैद केले. म्हणजे तोफ येथे समुद्र, व्यापार आणि राजकारण यांच्या जाळ्यातून आलेली आहे. तिचा केवळ इशारा होतो, तेव्हा हे सारे जाळे कथेतून गळते. तलवारीचीही कथा निराळी नाही. सरळ, लांब पात्याच्या तलवारीला मराठीत 'फिरंग' म्हणतात. पाते युरोपातून यावे, मूठ येथे चढावी, हा व्यवहार त्या शब्दातच साठलेला आहे. शब्द बोलतो, पडदा मात्र मुका राहतो.

हा वाद धाराशिव जिल्ह्यातून मांडण्याला कारण आहे. वस्तूकडे पाहण्याच्या तीन रीती या एका जिल्ह्यात शेजारी नांदतात. तुळजापूरची भवानी महाराजांना तलवार देते, ही श्रद्धा घरोघरीच्या चित्रांतून दृढ झाली आहे. येथे शस्त्र हा प्रसाद आहे. परंड्याचा किल्ला दुसरी रीत सांगतो. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतलेली मलिक-ए-मैदान तोफ या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. सुमारे ५५ टनांचे ते धूड ओढण्यास दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, असे परंपरा सांगते. येथे शस्त्र म्हणजे श्रम, वाट आणि वैरण.

तिसरी रीत तेरची. पूर्वी तगर म्हणून रोमन व्यापाराला ठाऊक असलेल्या या गावातील लामतुरे संग्रहालयात मातीच्या मूर्ती आणि भांडी पाहताना मालकाचे नाव कोठेच भेटत नाही. घडवणाऱ्याचे बोट मात्र मातीत जाणवते. मालिकांत नेमके याच्या उलट घडते. तेथे मालकाचे नाव पात्यावर लखलखते आणि घडवणारा हात अदृश्य होतो. याच तेरच्या गोरा कुंभारांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. त्या थापटण्याला अर्थ येतो तो कुंभाराच्या कामातून. भाजलेले आणि कच्चे यांचा आवाज ज्याला ओळखता येतो, त्याच्याच हाती ते शोभते. मराठी कथनपरंपरेला वस्तूचे काम आणि वस्तूचा अर्थ एकत्र धरता येत होते, याचा याहून सबळ पुरावा नको.

शस्त्राची निगा, दारूचा साठा यांत नाट्य नसते, असा बचाव केला जाईल. तो टिकत नाही. शत्रू चालून येत असता तोड्याच्या बंदुकीत दारू भरणे, गोळी गजाने ठासणे, कान्यावर रंजक घालणे आणि पावसापासून जामगी जपणे, यांत ताण नाही असे म्हणणाऱ्याने नाट्याची व्याख्या पुन्हा तपासावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'ला तरी हे विषय क्षुद्र वाटले नाहीत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूची मडकी माचावर ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आठपंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन द्यावे, असा बारकावा त्यात आहे. ही राज्याची चिंता आहे, आणि त्या चिंतेत कुंभाराचे मडकेही येते.

प्रश्न केवळ कलेचा नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे साताऱ्यात आली, तेव्हा ती अफझलखानाच्या वधातलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असे खुद्द त्या संग्रहालयाचे म्हणणे होते. तरीही खरी की खोटी यापलीकडे आपली चर्चा गेली नाही. शस्त्र म्हणजे अवशेष, हे शिक्षण पडद्याने पुरते दिलेले होते. सत्ता प्रसादासारखी लाभते असे ज्याच्या मनावर ठसते, तो प्रेक्षक ती कोणाच्या घामावर उभी राहते हे विचारीत नाही. आठवडी बाजारात सुऱ्यांना धार लावणाऱ्या शिकलगाराचा त्या तलवारीशी काही संबंध असावा, ही शंकाही त्याला शिवत नाही. समीक्षेने मुठींची मोजमापे अवश्य घ्यावीत. परंतु मूठ कोणी बसवली, हा प्रश्न तिने आधी विचारला पाहिजे.