शेवळाचें नामरूप

मृगाचा पाऊस पडतांच बोरीवलीच्या बाजारांत आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन येतात. आपण जीस भाजी म्हणतों ती पाला नव्हे. तो न उमललेला फुलोरा होय, हें थोड्यांच्याच लक्षांत असतें.

शेवळ हा सुरणाचा रानांतील भाऊबंद. जमिनींतील कंदांतून लांब दांड्यावर जांभळट आवरण वर येतें व त्याच्या आंत कणीस असतें. कणसाच्या तळाशीं स्त्रीपुष्पें, त्यांवर पुंपुष्पें, आणि टोंकास निमुळता वांझ शेंडा. सुरणाचा फुलोरा मात्र जमिनीलगतच बसतो. दोहोंतला भेद ओळखण्याची ही सोपी खूण. फुलोरा सरल्यावर त्याच कंदांतून एकच मोठें पान निघतें व छत्रीप्रमाणें तीन फांट्यांनीं पसरतें. फूल आणि पान यांची सहसा गांठ पडत नाहीं. म्हणून जूनमधील व श्रावणांतील झाड एकच, हें नवख्यास पटत नाहीं.

ऑस्ट्रियाच्या शॉट यांनीं ही वनस्पति प्रथम निराळ्या वंशांत घातली होती. १८७९ सालीं जर्मन पंडित एंग्लर यांनीं ती सुरणाच्या वंशांत आणिली. तिचें ‘कम्यूटॅटस’ हें लॅटिन विशेषण ‘बदललेला’ अशा अर्थाचें आहे. पुढें आनमोड, अणशी व वायनाड येथील झाडांत भेद आढळले, तेव्हां त्या त्या स्थळांवरून त्यांस नांवें मिळालीं. परंतु तीं प्रकारांचीं, जातींचीं नव्हेत. आमच्या नैयायिकांनीं हेंच सांगितलें आहे: गाय काळी असो वा कबरी, गोत्व एकच. रंग व ठिपके यांवर न भुलतां जें स्थिर असेल त्यावरून जाति ठरवावी.

हा विवेक स्वयंपाकघरांतही हवा. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. त्यांनीं घसा खाजतो. यास्तव आंतील पिवळा भाग काढून, काकडाच्या आंबट फळांसह भाजी नीट शिजवितात. रानांत दिसण्यांत सारखे दुसरेही कंद असतात, म्हणून केवळ चित्र पाहून कोणीं भाजी खुडूं नये. राष्ट्रीय उद्यानांत तर तें १९७२ च्या कायद्यानें निषिद्धच आहे.

खुडलेल्या फुलोऱ्यास बीं धरत नाहीं; कंद राखला तरच पुढील वर्षीं तेथें शेवळ उगवेल. कोणता फुलोरा घ्यावा व कोणता ठेवावा, हें त्या विकणाऱ्या बाईस ठाऊक असतें. जुडी घेतांना गृहिणींनीं भावाची घासाघीस थोडी आवरून तिला हें विचारून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.