हवेला हवा म्हणा!

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात आले असता कोणी चकलीला कडबोळे म्हणाला, तर आमच्या घरातल्या बायका त्याला ताट संपेपर्यंत सोडत नाहीत. अनारसा तो अनारसा आणि घारगा तो घारगा. दोन्ही तळणीतून निघतात म्हणून दोघांचे नाव एक होत नाही. फराळाच्या बाबतीत इतकी काटेकोर असणारी आम्ही मंडळी, ज्या वस्तूच्या नावात माणसाचा जीव अडकला आहे तिला मात्र जिभेवर येईल ते नाव देऊन मोकळी होतो. कोणती वस्तू म्हणाल? पाणबुड्याच्या पाठीवरची टाकी.

आमचा गोंदिया जिल्हा तळ्यांचा. १ मे १९९९ रोजी तो भंडाऱ्यापासून वेगळा निघाला, आणि वाटणीत बरेचसे पाणी आमच्याकडे आले. कोलू पाटील कोहळी यांनी बांधले असे परंपरा सांगते ते नवेगावबांध, गाढवी नदीवरचे इटियाडोह, शिवाय गावोगावचे मालगुजारी तलाव. हे तलाव 'माजी मालगुजारी' झाले आणि लोकांनी त्यांचे 'मामा तलाव' करून टाकले. इथला माणूस पाण्याच्या बाबतीत शब्दाला पक्का. बोडी वेगळी, तलाव वेगळा, डोह वेगळा. बोडीला तलाव म्हणणारा पाहुणा चहा पिऊन होण्याआधीच दुरुस्त केला जातो.

अशा या जिल्ह्यात पावसाळ्यात आणि विसर्जनाच्या दिवसांत कोणाचा ना कोणाचा पोर बुडतो. धीवर मंडळी दम धरून बुड्या मारतात, नागपूरहून पथक येते, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र लिहिते : 'पाणबुडे ऑक्सिजन सिलिंडर लावून तलावात उतरले.'

अहो, त्या टाकीत ऑक्सिजन नसतो, हवा असते! आपण या घटकेला ओढतो आहोत तीच. चार भाग नायट्रोजन आणि जेमतेम एक भाग ऑक्सिजन. यंत्राने गाळून, कोरडी करून दाबून भरलेली, एवढाच काय तो फरक. बारा लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली की तिच्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते. शांत माणूस मिनिटाला वीसेक लिटर हवा घेतो असे धरले, तर काठावर ती दोन तास पुरेल. दहा मीटर खाली पाण्याचा दाब दुप्पट होतो म्हणून एक तास, आणि तीस मीटरवर अर्धाच तास. शाळेतले त्रैराशिक पुरे आहे, पण ते मांडायला टाकीत काय आहे ते आधी ठाऊक हवे.

'हवा काय आणि ऑक्सिजन काय, माणूस जगल्याशी कारण!' असे कोणी म्हणेल. नेमका इथेच माणूस मरतो. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली विषासारखा वागतो. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे १८७८ साली दाखवून दिले. शुद्ध ऑक्सिजन घेत साधारण सहा मीटरांच्या, म्हणजे वीस फुटांच्या खाली गेलेल्या माणसाला फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात, अनेकदा काही पूर्वसूचना न देता. काठावर झटका आला तर माणूस पडतो आणि उठतो. पाण्यात तोंडातली नळी सुटते आणि तो उठत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाबाच्या कोठडीत स्वतः बसून हा ऑक्सिजन घेतला. अशाच एका प्रयोगातल्या झटक्याने त्यांचे मणके चेपले. हेच हाल्डेन १९५७ साली भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आपल्याच देशाच्या नागरिकाने पाठीचे मोल देऊन मिळवलेले ज्ञान आपण बातमीच्या एका ओळीत बुडवतो!

वीस फूट म्हणजे काही महासागर नव्हे. आमच्याकडची बरी विहीर पावसाळ्यात तेवढी भरते. आणि २०२१ च्या साथीनंतर ऑक्सिजनचा सिलिंडर ही काही दुर्मिळ वस्तू राहिली नाही. काळ्या अंगाचा तो नळा तालुक्याच्या दवाखान्यात उभा असतो, जोडकाम करणाऱ्याच्या दुकानातही असतो. उद्या विहिरीत पोर बुडाले आणि काठावरची गर्दी ओरडली, 'अरे, ऑक्सिजन सिलिंडर आणा!' तर कोणी धावत जाऊन खरोखरच तो आणील. त्याचा जोड पाणबुड्याच्या यंत्राला बसत नाही हे खरे. पण न बसणारा जोड बसवून देणारा कारागीर आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर आहे. वर त्या जोडाला तेलाचा हात लागला तर दाबाखालचा ऑक्सिजन पेट घ्यायला कमी करत नाही. त्या गर्दीला हा शब्द शिकवला कोणी? वर्तमानपत्राने.

मी एका दैनिकाला पत्र घातले. नाव सांगत नाही, कारण इतर दैनिके काही निराळे छापत नाहीत. उत्तर आले, 'वाचकांना ऑक्सिजन समजतो. हवा म्हटले की त्यांना सायकलच्या ट्यूबमधली वाटते.' मी उलट टपाली कळवले की तीच असते! ते उत्तर काही छापून आले नाही.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांकडून मला आशा होती. त्यांनी इंग्रजी शब्द हाकलला खरा, आणि त्याच्या जागी लिहिले 'प्राणवायूचे नळकांडे'. म्हणजे चूक तीच, फक्त तिला सोवळे नेसवले. इंग्रजीत तिला सरळ एअर सिलिंडर म्हणतात. चुकीचा इंग्रजी शब्द घेण्यापेक्षा बरोबर इंग्रजी शब्द घ्या, आणि मराठीच हवा असेल तर 'हवा' हा दोन अक्षरी शब्द आपल्या आजीलाही ठाऊक होता. टाकी म्हणा की सिलिंडर, त्यावर मी भांडणार नाही.

आता कोणी चिकित्सक म्हणेल की पाण्याखाली शुद्ध ऑक्सिजनही वापरतात. वापरतात. सोडलेला श्वास गाळून पुन्हा घ्यायची यंत्रे असतात; आरमारी पाणबुडे बुडबुडे दिसू नयेत म्हणून ती लावतात आणि उथळ पाण्यातच राहतात. नायट्रॉक्स नावाचे मिश्रणही असते, त्यात ऑक्सिजन हवेपेक्षा जास्त, शंभरात ३२ किंवा ३६ भाग. पण ते वापरणारा माणूस टाकीवर आकडा लिहितो आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तो स्वतः मोजून पाहतो. ज्यांचा जीव टांगलेला असतो ते शब्दाशी असे वागतात.

दिवाळीच्या सुटीत आमच्याकडची कुटुंबे हल्ली मालवण-तारकर्लीला जातात आणि येताना 'स्कुबा केले' म्हणून छायाचित्रे आणतात. हौस चांगली आहे. पण स्कुबा हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा आहे, आणि त्यातले पहिलेच अक्षर 'स्वयंपूर्ण' सांगते : हवा पाठीवर, नावेशी दोरी-नळी काही नाही. नावेवरच्या यंत्रातून लांब नळीने हवा येत असेल तर ते स्कुबा नव्हे. तेही वाईट नाही, पण विचारायचे प्रश्न बदलतात. पाठीवर टाकी असेल तर काटा किती दाखवतो ते विचारा. नळी असेल तर यंत्रापाशी कोण बसले आहे आणि त्याचे हवा ओढणारे तोंड इंजिनाच्या धुराकडे तर नाही ना, हे विचारा. तो धूर नळीतून थेट मुलाच्या छातीत जातो.

डोळ्यांवरच्या काचेला 'ऑक्सिजन मास्क' म्हणू नका. तिच्यातून हवा येत नाही. ती डोळे आणि नाक झाकते, श्वास तोंडातल्या रेग्युलेटरने घ्यायचा असतो. नाव ऐकून पोर नाकाने श्वास ओढू पाहते आणि घाबरते. घाबरून दम कोंडून वर निघाले तर आणखी वाईट; दहा मीटरांवरची छातीतली हवा वर येईतो दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाडते. म्हणून खाली असताना श्वास कधीच रोखायचा नाही.

आणि स्नॉर्कल म्हणजे 'छोटे स्कुबा' नव्हे. ती दीड फुटाच्या आतली साधी नळी, पाण्याच्या पाठीवर तरंगताना वापरायची. कमळाच्या देठातून श्वास घेत तळाशी लपणारा नायक पडद्यावरच शोभतो. मीटरभर खोलीवर पाणी छातीवर मणाहून अधिक ओझे ठेवते. तिथून नुसत्या नळीने हवा ओढवत नाही, आणि लांब नळीत आपलाच सोडलेला श्वास परत येतो. आमच्या बोडीवर पोरे मळ्यातला प्लास्टिकचा पाइप कापून हा खेळ करू पाहतात. त्यांच्या हातातून तो पाइप आजच काढून घ्या.