पडद्यावरचा बाबा आणि गडचिंचल्याचे साधू

१६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे कल्पवृक्षगिरी महाराज व सुशीलगिरी महाराज आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठेचून मारले. टाळेबंदीच्या काळात हे तिघे कांदिवलीहून सुरतेकडे एका महंतांच्या अंत्यविधीसाठी निघाले होते. सत्तरीचे वृद्ध संन्यासी पोलिसाचा हात धरून जीव वाचवू पाहत होते, हे दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत, ऑगस्ट २०२० मध्ये, ‘आश्रम’ ही मालिका घरोघरी पोहोचली. जंगलात सांगाडा सापडतो, त्याचे धागेदोरे एका बाबाच्या आश्रमापर्यंत जातात आणि पोलीस अधिकाऱ्यासोबत एक तरुण पत्रकार सत्याचा शोध घेतो, असे तिचे कथानक. आदल्याच वर्षी ‘सेक्रेड गेम्स’च्या दुसऱ्या पर्वात विनाशाचे कारस्थान रचणारे ‘गुरुजी’ येऊन गेले होते. करमणुकीच्या या बाजारात खलनायकाचा गणवेश आता जवळपास ठरूनच गेला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. भोंदूंना पाठीशी घालणे हे धर्मकार्य नव्हे. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत गावात दहा हत्या झाल्या. त्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या पाच बालिका आणि एक वर्षाचे अर्भक होते. गुप्तधनाच्या लोभाने मांत्रिकी बळी दिले गेले, असा तो खटला होता. सिरसा येथील ‘पूरा सच’चे संपादक रामचंद्र छत्रपती यांनी २००२ मध्ये डेऱ्यातील अत्याचारांना वाचा फोडणारे निनावी पत्र छापले आणि त्याच वर्षी गोळ्या झेलून प्राण गमावले. त्या पत्रातील आरोपांवरूनच डेराप्रमुखाला २०१७ मध्ये बलात्काराबद्दल शिक्षा झाली. छत्रपतींसारखा पत्रकार हा समाजाचा पहारेकरीच होय. अशा सत्यकथांवर कोणी मालिका काढली, तर तक्रार कसली?

तक्रार आहे ती निवडक शोधकवृत्तीची. पडद्यावरचा पत्रकार आश्रमाचे कुलूप तोडतो. मग प्रत्यक्षातला पत्रकार गडचिंचल्याच्या वाटेवर का दिसला नाही? मुले पळवणारे, अवयव काढणारे फिरतात, ही अफवा डहाणू तालुक्यात कित्येक दिवस पसरत होती. १४ एप्रिलला त्याच परिसरात सारणी येथे एका डॉक्टरच्या वाहनावर हल्ला झाला. धोक्याची घंटा वाजली होती. ती ना शासनाने ऐकली, ना वृत्तवाहिन्यांनी. हत्येनंतरही तीन दिवस देश जवळपास अनभिज्ञच होता. १९ एप्रिलला चित्रफिती फिरू लागल्या, तेव्हा कोठे चर्चासत्रे रंगली. आणि त्यांतही ‘गैरसमजातून घडलेली घटना’ या तीन शब्दांत तीन प्राणांची बोळवण करण्याची घाई अनेकांना झाली होती. गैरसमज कोणी पसरवला, पोलिसांच्या देखत माणसे कशी मारली गेली, हे विचारणे म्हणजे राजकारण ठरले!

ज्या जिल्ह्यात तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देत आहे आणि बोईसरच्या कारखान्यांत देशभरातून माणसे पोटासाठी येतात, त्याच जिल्ह्यातील पाड्यांवर अफवा माणसे मारते. एखाद्या अभागी बाईला भुताळी ठरवून छळण्याचे प्रकारही या पट्ट्याला नवे नाहीत. त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण तो पाड्यापर्यंत नेणार कोण? या दारिद्र्याची, अज्ञानाची आणि भीतीची मालिका कोणी काढत नाही. तिच्यात भव्य आश्रम नाही, भगवी कफनी घातलेला खलनायक नाही.

मग आपण काय करायचे? ऑक्टोबर २०२१ मध्ये भोपाळला ‘आश्रम’च्या चित्रीकरणस्थळी तोडफोड झाली, दिग्दर्शक प्रकाश झा यांच्यावर शाई फेकली गेली. संताप समजू शकतो. मार्ग मात्र चुकीचा होता. त्या शाईने मालिकेला फुकट प्रसिद्धी मिळाली आणि गडचिंचल्याच्या खटल्याला तसूभरही गती आली नाही. जमावाच्या हातून साधू गमावलेल्या समाजाने स्वतः जमाव होणे शोभत नाही. शाई फेकण्यासाठी नसते, लिहिण्यासाठी असते.

राज्य शासनाने हा तपास प्रथम सी.आय.डी.कडे दिला, सरकार बदलल्यावर सी.बी.आय.ला हरकत नसल्याचे सर्वोच्च न्यायालयात सांगितले. रहस्यमालिका आठ-दहा भागांत संपते. न्यायाची वाट अशी संपत नाही. तेथे तारखांचा पाठपुरावा करणारी माणसे लागतात. पालघर-बोईसरच्या छोट्या वृत्तपत्रांतील निर्भीड वार्ताहराला आपण बळ देतो का? पाड्यावर पहिली अफवा उठते, तेव्हा तेथे आपला कार्यकर्ता पोहोचतो का? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक शाखेने आणि प्रत्येक घराने आपल्या कृतीतून द्यावीत. गडचिंचल्याच्या साधूंना खरी श्रद्धांजली तीच ठरेल.