दीड तासाचे गणित

नागपूर ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ६९० किलोमीटर, आणि प्रवासाचा वेळ दीड तास, असे वेळापत्रक सांगते. आकडे खरे आहेत. परंतु ते एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचे आहेत. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यातील एकोडीच्या शिक्षकाला अथवा कारकुनाला मंत्रालयात काम निघाले, तर त्याचा प्रवास सोनेगावला सुरू होत नाही आणि सांताक्रूझला संपतही नाही. एकोडीहून सोनेगाव शंभर किलोमीटरच्या पलीकडे, एस. टी. बदलत तेथे पोहोचण्यास तीन तास धरावेत. उड्डाणापूर्वी दीड तास तरी हजर राहणे भाग. मुंबईत उतरल्यावर मंत्रालयापर्यंत आणखी तास-दीड तास. बेरीज साडेसात तासांची होते, आणि तीत विमानाचा वाटा अवघा एकपंचमांश! विमान कितीही वेगवान केले, तरी हा हिशेब फारसा बदलणार नाही. कारण वेळ जातो तो जमिनीवर. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, पण त्याचाही आरंभ नागपूरलाच होतो.

हे अंतर केवळ भूगोलाने लादलेले नाही. १९५६ पर्यंत भंडाऱ्याची राजधानी नागपूर हीच होती. राज्यपुनर्रचनेने ती मुंबईस गेली. या दुराव्याची जाणीव १९५३ च्या नागपूर कराराच्या कर्त्यांना होती. म्हणूनच वर्षातील काही काळ शासनाने नागपुरास यावे, अशी तरतूद त्यांनी केली. नागरिकाने सत्तेकडे धाव घेण्याऐवजी सत्तेनेच त्याच्या जवळ यावे, हे त्यामागील तत्त्व होय. आज हिवाळी अधिवेशन काही दिवसांत आटोपते आणि तत्त्व तेवढे करारात उरते.

गोंदियाजवळच्या बिरसीचे उदाहरणही बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ही धावपट्टी १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होती. तेथून २०२२ मध्ये इंदूर व हैदराबादसाठी प्रवासी विमाने सुरू झाली. ती सेवा टिकली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद-तिरुपती मार्ग सुरू केला. या दोन्ही मार्गांत मुंबई नव्हती. शिवाय, जी सेवा आज आहे आणि उद्या नाही, तिच्या भरवशावर रजेचा अर्ज कोणी लिहावा?

तेव्हा विमानसेवेचे मोजमाप धावपट्टीपासून न करता उंबरठ्यापासून करावयास हवे. विमानांच्या वेळांशी जुळणाऱ्या बसगाड्या साकोली-भंडाऱ्याहून सोडणे ही काही अवघड गोष्ट नव्हे. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, सेवापुस्तकातील एका नोंदीसाठी किंवा अडलेल्या निवृत्तिवेतनासाठी मुंबई गाठावीच का लागावी? ते काम साकोलीत निकालात निघाले, तर एकोडीचे मुंबईपासूनचे अंतर कोणत्याही विमानाला साधणार नाही इतके कमी होईल.