आपल्याच संकेतस्थळांतील वाटा

घरगुती व्यवसाय करणाऱ्या आमच्या वाचक-भगिनींपैकीं पुष्कळजणींचें आतां स्वतःचें संकेतस्थळ असतें. कोणी मसाले व पिठें विकतात, कोणी गायनाचे वर्ग चालवितात, कोणी वडिलांचे जुने लेख एकत्र करून लोकांपुढें ठेवितात. संकेतस्थळ उभें राहिलें कीं, पहिली तक्रार ठरलेली: "गूगलवर शोधलें असतां आम्ही दिसतच नाहीं!" मग कोणी तरी भेटतो आणि सांगतो कीं, दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवरून तुमच्याकडे येणारे दुवे आम्ही मिळवून देतों, दरमहा इतके रुपये पडतील. ह्या विषयावर आमच्याकडे इतकीं पत्रें आलीं आहेत कीं, ह्या महिन्याचें सदर त्यासच देणें आम्हांस प्राप्त झालें. पानावरील ज्या शब्दांवर टिचकी मारली असतां दुसरें पान उघडतें तो दुवा, हें वाचकांस ठाऊकच आहे. बाहेरच्या दुव्यांसाठीं पैसे मोजण्यापूर्वीं प्रत्येकीनें एवढेंच पाहावें कीं, आपल्या स्वतःच्या पानांनीं तरी एकमेकांची ओळख करून दिली आहे काय. बहुधा ती दिलेली नसते.

पत्र लिहिणाऱ्यांपैकीं एका भगिनींचें संकेतस्थळ आम्हीं त्यांच्याच विनंतीवरून तपासलें. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचें पीठ, लोणचीं असे ६० पदार्थ, आणि त्यांजबरोबर पाककृतींचे ४० लेख; भाषा साधी आणि प्रमाण अचूक. यजमानांच्या दीर्घ आजारामुळें घराचा बहुतेक भार ह्या विक्रीवर येऊन पडलेला, आणि म्हणून बाहेरचे दुवे विकत घेण्यासाठीं सोनें गहाण ठेवण्यापर्यंत त्यांचा विचार गेलेला. मुखपृष्ठावर सर्वांत शेवटीं घातलेले १२ पदार्थ तेवढे दिसत. ज्या थालीपिठाच्या भाजणीवर त्यांची सारी मदार, ती सर्वांत आधीं घातलेली; म्हणून तेथून सर्वांत आधीं नाहींशी झाली! ती पाहावयाची तर 'आणखी दाखवा' ही कळ चार वेळां दाबावी, नाहीं तर शोधाच्या चौकटींत तिचें नांव लिहावें. खमंग थालीपीठ कसें लावावें ह्यावर त्यांचा एक फार सुरेख लेख आहे. त्यांत भाजणीचा उल्लेख सात वेळां येतो, पण भाजणीच्या पानाकडे नेणारा दुवा एकही नाहीं.

माणूस कळ दाबील, नांव लिहील. गूगलबॉट, म्हणजे पानें वाचीत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, तसें करीत नाहीं. पानाच्या मूळ लिखाणांत 'ए' ही खूण आणि तिच्या आंत 'एचरेफ' ह्या नांवानें दिलेला पत्ता असला, म्हणजे तो त्यास दुवा समजतो आणि त्या वाटेनें पुढें जातो. दाबावयाची कळ त्याच्या लेखीं भिंत आहे. तेव्हां ६० पदार्थांपैकीं ४८ पदार्थांस घरांतूनच वाट नव्हती. साइटमॅप नांवाची पत्त्यांची यादी गूगलला देतां येते, आणि त्या भगिनींनीं ती दिलीही होती. परंतु ती यादी म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. माणूस कोठें राहतो एवढें तिच्यावरून कळतें. घरांत त्याचा मान काय, हें कळत नाहीं.

हा मान कसा मोजतात, तें थोडें विस्तारानें सांगणें इष्ट आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत शिकत असलेल्या सर्गेई ब्रिन व लॅरी पेज ह्या दोघांनीं १९९८ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. विद्वान् मंडळी आपल्या ग्रंथांत इतर ग्रंथांचे आधार देतात, आणि ज्याचा आधार पुष्कळांनीं घेतला तो ग्रंथ वजनदार मानला जातो. तोच न्याय त्यांनीं दुव्यांस लावला. प्रत्येक पानास कांहीं वजन असतें, आणि त्या वजनाचा ०.८५ इतका भाग तें पान आपल्यावरील सर्व दुव्यांत सारखा वांटून देतें, असें त्यांनीं धरलें. पानाचें वजन १ मानलें आणि त्यावर ५ दुवे असले, तर प्रत्येकाच्या वांट्यास ०.१७ येतात, ८५ दुवे असले, तर अवघे ०.०१. शिवाय देणारें पान जितकें वजनदार, तितकें त्याचें देणें मोठें. ह्या पद्धतीस पेजरँक म्हणतात. पेज म्हणजे पान, असा अर्थ सहज लागतो खरा, पण नांव लॅरी पेज ह्यांच्या आडनांवावरून पडलें आहे. पेजरँकचा आकडा पूर्वीं कोणासही पाहावयास मिळे. २०१६ मध्यें तो दाखविणें बंद झालें. गूगल आज इतर अनेक गोष्टी पाहतें, तरी पेजरँक आपल्या पद्धतीच्या गाभ्यांत अजून आहे असें तें स्वतः सांगतें.

ह्या वांटणीवरून कांहीं चतुर मंडळींनीं काटकसरीची एक युक्ति काढली होती. लोक अभिप्रायांत जे स्वार्थी दुवे घुसवितात त्यांस मान मिळूं नये, म्हणून २००५ मध्यें 'नोफॉलो' नांवाची खूण निघाली. ती खूण हे लोक आपल्याच 'संपर्क' किंवा 'नियम व अटी' अशा पानांच्या दुव्यांस लावूं लागले. हेतु हा कीं, त्यांचा वांटा वांचून विक्रीच्या पानांस मिळावा. २००९ मध्यें गूगलच्या मॅट कट्स ह्यांनीं उघड केलें कीं, असा वांचविलेला वांटा कोणासच मिळत नाहीं, तो वाया जातो. आमच्या मतें हें योग्यच झालें. स्वतःच्या घरांतील माणसांस परकें ठरवून श्रीमंती वाढविणें हा काय संसार झाला!

आतां मांडणी. पान वाढतांना डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी हें आपल्याकडे ठरलेलें असतें, म्हणून जेवणाऱ्याचा हात न पाहतां योग्य जागीं जातो. संकेतस्थळाच्या पानांसही अशीच ठरलेली जागा हवी. वर सांगितलेल्या संकेतस्थळाचे आम्हीं सहा गट सुचविले: पिठें व भाजण्या, मसाले, लोणचीं, कोरड्या चटण्या व मेतकूट, उपवासाचे पदार्थ, आणि फराळ. प्रत्येक गटास स्वतःचें पान, त्यावर त्या गटाविषयीं चार उपयुक्त वाक्यें, आणि खालीं दहा-बारा पदार्थांचे खरेखुरे दुवे. मुखपृष्ठावरून ह्या सहा पानांकडे, आणि त्यांपैकीं प्रत्येकावरून पदार्थाकडे, अशा दोन टिचक्यांत कोणताही पदार्थ हातीं येतो. ज्यावर पोट अवलंबून आहे त्या भाजणीस मात्र मुखपृष्ठावरच कायमची जागा दिली. मुखपृष्ठ हें बहुधा संकेतस्थळांतील सर्वांत वजनदार पान असतें, आणि तेथून जें जवळ तें घरच्यांस महत्त्वाचें, असें गूगल समजतें. सर्वच पदार्थ मुखपृष्ठावर मांडावे काय, असें त्या भगिनींनीं विचारलें. मांडूं नयेत. वरील वांटणीचा हिशेब पाहिला म्हणजे कारण कळेल. आणि गूगल बाजूस ठेवलें, तरी साठ नांवांची यादी वाचावयास बसणार कोण? प्रत्येक पदार्थाच्या माथ्यावर 'मुखपृष्ठ › पिठें व भाजण्या › थालीपिठाची भाजणी' अशी लहानशी ओळ घातली, म्हणजे परत जावयाची वाटही राहते.

परंतु गट पाडले म्हणजे काम संपलें असें नव्हे. खरी गोडी आडव्या दुव्यांत आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते तो मराठी विश्वकोश ज्यांनीं चाळला आहे, त्यांस नोंदीच्या अखेरीस येणारा 'पहा' हा शब्द आठवेल. वाचकाचा हात धरून एका नोंदींतून दुसरींत नेणारा हा लहानसा शब्द म्हणजे आजच्या दुव्याचा वडील भाऊच होय. थालीपिठाच्या लेखांत भाजणीचा पहिला उल्लेख जेथें येतो, तेथेंच तो दुवा हवा. भाजणीच्या पानावरून उलट थालीपिठाच्या लेखाकडे हवा. आणि मेतकुटाच्या पानावरून मऊ भाताच्या लेखाकडे हवा. ज्या शब्दांचा दुवा करावयाचा तेही विचारानें निवडावे. आमच्या पाहण्यांत येणाऱ्या निम्म्या मराठी संकेतस्थळांवर 'अधिक माहितीसाठीं येथें टिचकी मारा' हेंच वाक्य असतें, आणि त्यांतील 'येथें' ह्या एका शब्दाचा दुवा असतो. पुढें काय आहे हें त्यावरून वाचकास कळत नाहीं, गूगलला तर त्याहून नाहीं. कारण दुव्याचे शब्द हे त्या पानाचें दुसऱ्यानें केलेलें वर्णन असें तें मानतें. तेव्हां 'थालीपिठाची भाजणी' ह्या शब्दांचाच दुवा करावा. ह्याचा अतिरेकही नको. प्रत्येक ओळींत 'पुण्यांतील उत्तम स्वस्त थालीपीठ भाजणी घरपोंच' असे शब्द कोंबलेलें पान आम्हीं पाहिलें आहे. तें वाचवतही नाहीं. चित्राचा दुवा असल्यास चित्राबरोबर द्यावयाचा पर्यायी मजकूर त्याच्या शब्दांचें काम करतो. तो रिकामा सोडूं नये.

उपवासाच्या भाजणीचीं ह्या संकेतस्थळावर दोन पानें होतीं, एक अर्ध्या किलोचें व एक किलोचें, आणि मजकूर अक्षरशः तोच. अशीं पानें एकमेकांचा वांटा खातात. दोन्हींचें एक पान करून जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचें वळण द्यावें. त्यास तंत्रज्ञ ३०१ म्हणतात. दोन्ही ठेवणें भागच असेल, तर त्यांपैकीं मुख्य कोणतें हें सांगणारी 'कॅनॉनिकल' नांवाची खूण २००९ पासून मिळते.

विकतच्या दुव्यांविषयीं आमचें मत आम्ही स्पष्ट सांगतों: घेऊं नयेत. क्रम वाढविण्यासाठीं दुवे विकत घेणें हें गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. २०११ च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क टाइम्सनें जे. सी. पेनी ह्या मोठ्या अमेरिकन दुकानदार कंपनीचें प्रकरण उजेडांत आणलें. तिच्याकडे नेणारे हजारों दुवे भलभलत्या संकेतस्थळांवर पेरलेले आढळले. कंपनीनें हात वर केले आणि आपल्या सल्लागारांस काढून टाकलें. परंतु ज्या शब्दांवर ती पहिली येई, त्यांवर गूगलनें तिला साठ-सत्तर जागा खालीं ढकललें. एवढ्या धनाढ्य कंपनीस तो फटका सोसला. सोनें गहाण ठेवून भाजणी विकणाऱ्या बाईस तो कसा सोसावा? आंतील दुवे मात्र विनाखर्च व विनाधोका आहेत. त्यांनीं पहिली जागा हमखास मिळेल, असें आम्ही म्हणत नाहीं, आणि कोणी म्हणाल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. दुसऱ्याचें पान अधिक चांगलें असेल तर तें वर येणारच. पण आपलें चांगलें पान कोणाच्या दृष्टीसच पडूं नये, ही हानि तरी त्यांनीं टळते.

तपासणीसाठीं 'गूगल सर्च कन्सोल' विनामूल्य आहे. त्यांतील दुव्यांच्या अहवालांत आपल्या कोणत्या पानाकडे आपलेच किती दुवे येतात, याचे आकडे मिळतात. ज्या पानावर पोट चालतें तें यादींत तळाशीं दिसलें, तर आधीं त्याकडे लक्ष द्यावें. स्क्रीमिंग फ्रॉग हा प्रोग्राम ५०० पत्त्यांपर्यंत फुकट चालतो व गूगलबॉटसारखाच दुव्यांनीं फिरून दाखवितो. बदल केल्यावर दुसऱ्याच दिवशीं क्रम पाहूं नये. परिणाम कांहीं तासांत दिसतो, तसाच कित्येकदां कांहीं महिन्यांनीं दिसतो, असें गूगलचेंच सांगणें आहे.

म्हणूनच सणांच्या पानांची तयारी आधीं हवी. दिवाळीच्या फराळाचें पान मुखपृष्ठाशीं जोडावयाचें तें श्रावणांत जोडावें. आश्विनांत जोडलें तर मागणी येईपर्यंत तुळशीचें लग्न होऊन जाईल. आणि दिवाळी संपली कीं, तें पान पुसून टाकण्याची कित्येकींस संवय असते, ती सोडावी. पुढच्या वर्षीं त्याच पत्त्यावर नवे भाव व नवीं चित्रें घालावीं, म्हणजे त्याकडे जुळलेले सारे दुवे कायम राहतात. पत्त्यांत सालाचा आकडा मात्र घालूं नये.